ओठ मिटून काढायची अक्षरं

आमच्या घरात हाक मारायची रीतच उलटी होती. मी आईला बाई म्हणायचे आणि आई मला माय म्हणायची. आमच्या भागात बऱ्याच घरांत आईला बाईच म्हणतात, त्यात नवल काही नाही. लेकीचा लाड आला की तिला माय म्हणणंही सगळीकडं आहे. पण आमच्या बाईला लाड यायची वाट बघावी लागत नव्हती. 'उठ माय', 'खाऊन घे माय', 'काहून तोंड पाडून बसली माय?' मला झोडपायला काठी शोधायची तेव्हासुद्धा 'थांब माय, तुला दाखवते' म्हणायची. माझं खरं नाव तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवतच नाही. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी पोरीचं नाव विचारलं, तर म्हणे ती क्षणभर अडखळली होती. हे घरात सांगून सांगून आम्ही हसायचो.

पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि मीच बाई झाले. आजकाल सगळीकडं मॅडम झालंय, पण आमची शाळा कुरुंद्याच्या बाजूला, आडवाटेच्या गावात. तिथली पोरं अजून बाईच म्हणतात. 'बाई, ह्यानं माझी पेन्शिल घेतली', 'बाई, जाऊ का?', 'बाई, हिला उलटी येऊन राहिली'. दिवसभर ते ऐकून घरी आले की मी चपला भिरकावून म्हणायचे, 'आता मला कुणी बाई म्हणू नका रे बाबा, डोकं उठलंय.' आमची बाई चुलीपासून म्हणायची, 'मी कधी म्हणलं माय?'

मागच्या उन्हाळ्यात हळद वाळत घातली होती, तिथंच तिला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं आणि वाचा पार बसली. नांदेडला नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, पाय थोडाफार टाकतील, बोलण्याचं काही सांगता येत नाही. ऐकू येतं, कळतं बरंचसं, पण शब्द सापडत नाही त्यांना.

तिथं बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी चित्रांचा गठ्ठा काढला. पहिलंच चित्र जहाजाचं. बाईनं जहाजाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. अहो, तिनं जन्मात जहाज पाहिलं नाही, धडधाकट असती तरी काय बोलली असती! दुसरं अननसाचं निघालं. मी मनात म्हणलं, झालं कल्याण. पण मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'तुम्ही तर पहिलीला शिकवता. तुमच्याकडं सगळं आहेच की. लेकरांना शिकवता तसंच शिकवा. प, ब, म पासून सुरू करा. ओठ मिटून काढायची अक्षरं डोळ्यांना दिसतात, ती आधी येतात.'

म आधी येतो म्हणल्यावर पुढचं मला ऐकूच आलं नाही. म आला की माय आलंच. मला तेवढंच पाहिजे होतं. पाणी तोंडानं मागू नको, भाकर मागू नको, हातानं दाखव, मी देते. पण एकदा मला माय म्हण.

बाळापूरला घर, घरात आम्ही दोघीच. ह्यांची नोकरी परभणीला, ते रविवारी येणार. भाऊ पुण्यात. फोनवर त्याचा लई जीव. 'बाईला काही कमी पडू देऊ नको.' अरे, मग ये की इथं, कमी न पडू द्यायला! एक कामवाली ठेवून बघितली, तर ती दुपारभर टीव्ही लावून बसायची आणि आमची बाई ओली ती ओलीच. शाळा उघडली तसं मी सरळ तिला ऑटोत घातलं आणि शाळेत नेलं. ऑटोवाले चाचा जुने ओळखीचे. रोज सकाळी तिला हाताला धरून बसवायचे आणि म्हणायचे, 'चलो अम्मा, स्कूल कू देर होरी.'

आमच्या वर्गात भाषेची पेटी आहे, पत्र्याची. तिच्यात चित्रकार्डं, अक्षरकार्डं, शब्दपट्ट्या, हातात घालून बोलवायच्या बाहुल्या, आणि एक आरसा. आरसा कशाला, असं लोक विचारतात. लेकरानं स्वतःचं तोंड बघत अक्षर काढायचं असतं. प म्हणताना ओठांपुढं कागदाची पट्टी धरली की ती उडते. ब ला जराशी हलते. म ला हलतच नाही, कारण म ची हवा नाकातनं जाते. नाकावर बोट ठेवलं की बोटाला गुणगुण लागते. पोरांना हा खेळ मनापासून आवडतो, आणि मी तोच खेळ बाईपुढं मांडला.

'ओठ मिटव, बाई. बोट नाकावर ठेव. म्म्म.' उजवा ओठ लोंबायचा, लाळ गळायची. मी पदरानं पुसायचे, पुन्हा आरसा धरायचे. पोरांना आधी लई गंमत वाटली, की बाई आजीलाच बाई म्हणतात. मग तीही भोवती बसून आपापल्या नाकावर बोट ठेवून मम्म करायला लागली. सगळा वर्ग गुणगुणायचा. बाई मात्र आरशात स्वतःच्या वाकड्या तोंडाकडं बघत राहायची. तिनं बरी असताना कधी धड आरसा पाहिला नव्हता, शेतावर जायच्या घाईत कुंकू अंदाजानं लावायची. आता तेच तोंड रोज पुढ्यात. माझा जीव तुटायचा, पण आरसा मी खाली ठेवला नाही.

पेटीतली कार्डं तिच्या कामाची नव्हती, म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून नवी केली. पत्रिकेचा कागद जाड असतो, मागची बाजू कोरी. आमच्या शाळेतली अर्धी साधनं त्याच्यावरच आहेत. चित्रं पोरांनी काढली. इळा, खुरपं, दुरडी, परात, मका, म्हस. खाली शब्द आम्ही बोलतो तसाच लिहिला. एकदा तपासणीला साहेब आले, कार्ड उचलून म्हणाले, 'बाई, म्हस नाही, म्हैस.' म्हणलं, 'साहेब, म्हस म्हणलं तरच आजी वळखतील.' 'आणि ह्या आजी कोण?' मी तोंड उघडायच्या आत पोरं ओरडली, 'पहिलीला हायत!' साहेब हसले, चहा पिऊन गेले. देव त्यांचं भलं करो.

अर्धा पावसाळा असाच गेला. तिच्या घशातून नुसतं 'अं' निघायचं. बरं, रुसली तरी अं, भूक लागली तरी अं. संध्याकाळी घरी आलो की घर इतकं गप असायचं, की मी उगीच भांडी वाजवायचे. तरी सकाळी पुन्हा तिला तयार करायचे.

हजेरीच्या वेळी पोरांच्या हट्टापायी मी सगळ्यात शेवटी 'आजी' म्हणून पुकारायचे, आणि तिच्या वतीनं अख्खा वर्ग ओरडायचा, 'हजर बाई!' पोळा होऊन गेला होता. त्या दिवशी पोरं ओरडायच्या आधीच कोपऱ्यातून आवाज आला. जाडसर, ओला.

'बाई.'

वर्ग उठून उभा राहिला. 'बाई, आजी बोलल्या! बाई, आजी बोलून राहिल्या!' मी हजेरी तशीच टाकून तिच्या पायाशी जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. पोरं घाबरली. एक पोरगी म्हणाली, 'काहून रडता बाई? बराबर तर बोलल्या आजी.' बराबरच बोलली होती. मी मनात म्हणलं, ब आला. म त्याच ओठांतला. फक्त हवा नाकातनं जायची देर आहे, चार-आठ दिवसांत माय येतंय.

आणि खरंच मागोमाग बोलणं यायला लागलं. पण कुठलं? जे दिवसभर कानावर पडत होतं ते. 'बाई, झालं.' 'बाई, पाणी.' एकदा तर शेजारी बसलेल्या पोराकडं बोट दाखवून ती म्हणाली, 'बाई, ह्यो मारून राहिला.' ते बिचारं पाटीवर रेघोट्या ओढत होतं, त्याला काही पत्ताच नाही. वर्ग खो खो हसला. मी इतकी हसले की पोटात कळ आली. घरी जाताना चाचांना सगळा रस्ता तेच सांगत होते.

त्याच संध्याकाळी मी भाकर दुधात कुस्करली आणि ताटली तिच्यापुढं ठेवली. तिनं ताटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, 'बाई, ताट घेऊ?'

शाळेत खिचडी शिजली की पोरं मला असंच विचारतात. माझा हात तिथल्या तिथं थांबला. अगं, हे घर आहे. तुझं घर, तुझी चूल. मी तुझ्या पोटची. मला विचारून ताट घेतेस? मी कसंबसं म्हणलं, 'घे की. विचारती काय.' ती खाली मान घालून जेवली, एक कण सांडू न देता.

नांदेडच्या मॅडमना फोन केला. त्या खुश झाल्या. 'अहो, किती छान! वाक्यं येतायत! तुम्हाला ओळखतही असतील, पण तोंडात तोच शब्द बसलाय. जबरदस्ती करू नका.' छान म्हणायला त्यांचं काय जातं. त्यांची आई त्यांना रोज हाक मारत असेल.

मग मी माझा फोटो एका लग्नपत्रिकेवर चिकटवला आणि त्याचं कार्ड केलं. खाली ठळक लिहिलं, माय. बाईला वाचता येत नव्हतंच, पण एव्हाना ती कार्डं बघून बोलायला लागली होती. दुरडीला दुरडी, परातीला परात. मक्याचं कार्ड धरलं, म्हणाली, मका. म्हशीचं धरलं, म्हणाली, म्हस. म्हणजे म आला होता की! मी घाईघाईनं माझं कार्ड धरलं. तिनं निरखून बघितलं आणि म्हणाली, 'बाई.' म्हशीसाठी तिचे ओठ मिटत होते, माझ्यासाठी मिटत नव्हते. मला त्या म्हशीचा हेवा वाटला. हसायचं तर हसा.

भाऊबीजेला भाऊ आला. दवाखान्यात येऊन गेला होता, त्यानंतर आताच. दारातच वाकून तो बाईच्या पाया पडला. बाईनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि स्वच्छ म्हणाली, 'बापू.'

लहानपणापासून तो तिचा बापू. त्याचं कार्ड कुणी केलं नव्हतं, त्याच्यासाठी कुणी आरसा धरला नव्हता. तिच्या आत तो शब्द जसाच्या तसा राहिला होता. भाऊ लेकरासारखा रडला. 'बघ, बाईनं वळखलं मला!' मी म्हणलं, 'व्हय, वळखलं,' आणि ओवाळायचं ताट करायला आत गेले. काडी ओढून निरांजन लावलं. मला त्याचा राग आला, तिचा आला, त्या पत्र्याच्या पेटीचा आला. घसा कोरडा होईपर्यंत मी शिकवलं, आणि मी तिची लेक राहिलेच नाही, तिची बाई झाले. तरी मी त्याला ओवाळलं. हसून ओवाळलं.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. दुपारी मी बाईला अंगणात उन्हाला बसवलं आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. कार्ड घेतलं नाही, आरसा घेतला नाही.

'बाई, मी कोण?'

'बाई.'

'न्हाई. बाई तू हायस. मी कोण? मी तुझी कोण लागते?'

ती गोंधळली. 'बाई,' पुन्हा म्हणाली, हळू, चुकलं का असं विचारल्यासारखं.

'बापू बराबर वळखला तू. मंग मी काहून न्हाई? तुझी वेणी कोण घालतं? तुला न्हाऊ कोण घालतं? म्हण ना. माय. म्हण, माय.' माझा आवाज चढत होता. मला कळत होतं आणि आवरत नव्हतं. शेजारीण भिंतीवरून डोकावली, डोकावू दे. 'एकदा म्हण ग! एकदाच म्हण! मी बाई न्हाई तुझी!'

ती दचकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं डाव्या हातानं लुळा उजवा हात उचलून छातीशी आणला, हाताची घडी घालून बघितली. ती जमली नाही, उजवा हात पुन्हा मांडीवर पडला. मग माझ्याकडं बघत तिनं डाव्या हाताचं बोट तोंडावर ठेवलं आणि गप बसली.