रान्वेगचे बुधवार

रान्वेग आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावावर कामाला होती. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात अख्खं गाव गळ्यापर्यंत बुडून बसायचं. कुणाची बोट बंद पडली, कुणाची सून रुसली, सगळं तिथंच कळायचं. कुंडात कुणी गप्प बसला की रान्वेग त्याला कॉफी नेऊन द्यायची आणि तो बोलेपर्यंत कप परत घ्यायची नाही.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर जमीन हादरायला लागली. आधी आम्ही ते थट्टेवारी नेलं. आइसलंडच्या माणसाला भूकंपाचं काय कौतुक? मग एका संध्याकाळी मोठा रस्ता मधोमध उलला आणि गावाखाली लाव्हा सरकतोय म्हणून सगळ्यांना गाव सोडायला सांगितलं. परत कधी, ते कुणीच सांगेना. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो गेला.

रान्वेगला राजधानीत, रेक्याविकमध्ये, भाड्याची खोली मिळाली. शेजारच्या चर्चचं सभागृह तिनं बुधवारी दुपारपुरतं मागून घेतलं आणि फोन करकरून माणसं जमवली. कॉफी आणि साखर भुरभुरवलेली पातळ धिरडी. पहिल्या बुधवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. पुढच्या वेळी नगरपालिकेनं समुपदेशक बाई पाठवल्या. त्यांनी आम्हाला डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला लावला, तर स्नाइब्यॉर्न घोरायलाच लागला. हा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, बायको वारलेली, सत्तरी ओलांडलेला. कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो. बाईसुद्धा हसल्या.

मग एकदा पोलिसांच्या पहाऱ्यात, सामान आणण्यापुरतं आम्हाला गावात सोडलं. लोकांनी फोटो आणले, मुलांची खेळणी आणली. स्नाइब्यॉर्ननं स्वतः पिकवलेल्या बटाट्यांचं पोतं आणलं.

"अरे, बटाटे इथं दुकानात मिळतात," रान्वेग म्हणाली.

"ते गावचे नसतात."

तिनं ते उकडले. आम्ही लोणी लावून खाल्ले. 

पुढं लाव्हा गावाच्या वेशीशी आला, थांबला, पुन्हा आला. तज्ज्ञ रोज तेच सांगायचे, की अजून काही सांगता येत नाही. बुधवारची माणसं गळायला लागली. कुणी नॉर्वेला कामावर गेलं, कुणी मुलांच्या शाळेपायी दुसरीकडे. स्नाइब्यॉर्नही यायचा बंद झाला, तेव्हा रान्वेग मला घेऊन त्याच्या खोलीवर गेली.

तो कोट-बूट घालून खिडकीशी बसला होता. पिशवी दाराजवळ, भरलेली. इतक्या महिन्यांत तिच्यातलं काही बाहेर काढलेलं दिसत नव्हतं.

"कुठं निघालास?"

"रस्ता उघडला, तर वेळ जायला नको."

"तुझ्या गल्लीत आता लाव्हा..." रान्वेग अडखळली.

"माहितेय मला. बातम्या मीही ऐकतो. पण पिशवी रिकामी केली की मी इथला झालो. तू सांग, रान्वेग. करू रिकामी?"

 रान्वेग उठली, कॉफी केली, धुतलेलेच कप पुन्हा धुतले. गाडीत बसल्यावर तिनं चावी लावली, पण फिरवली नाही.

"काय सांगायला हवं होतं गं मी?"

मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?

थोड्याच दिवसांत स्नाइब्यॉर्नची मुलगी येऊन त्याला उत्तरेकडे घेऊन गेली. उन्हाळ्यात बुधवारी आम्ही चौघंच उरलो. रान्वेग तरी पातेलंभर पीठ भिजवायची आणि उरलेलं टाकून द्यायची. एका मंगळवारी तिनं फोन केला, उद्या सभागृह उघडणार नाही म्हणाली. 

आता ती शहरातल्या एका मोठ्या तलावावर कामाला आहे. तिथं रोज वेगळी माणसं येतात. परवा तिच्या सुट्टीच्या वेळात आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. स्नाइब्यॉर्नची काही खबर आहे का, मी विचारलं.

"दर रविवारी करते ना फोन. उचलतो, बोलत नाही. मागं रेडिओवर हवामान चालू असतं. मीही ऐकते थोडा वेळ, मग ठेवते."