प्युपिल म्हणजे नक्की कोण?

चष्म्याच्या त्या दुकानात मालकापेक्षा मावशीलाच जास्त लोक ओळखत. दांडी सैल झाली, नाकावर वळ उठला, की गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मावशी आहेत का?" खरं तर ती तिथे लागली फरशी पुसायला. मग काचा पुसू लागली, मग फ्रेमचे बारीक स्क्रू पिळू लागली, आणि बघता बघता डोळ्यांचं माप घेण्यापर्यंत पोचली. नाकावर पट्टी आडवी धरायची, "माझ्याकडे बघा" म्हणायचं आणि दोन्ही डोळ्यांतल्या काळ्या ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं. दुकानात त्याला पीडी म्हणत. पीडी म्हणजे प्युपिल डिस्टन्स. हे दोन शब्द मावशी अगदी झोकात म्हणायची.

बाकी इंग्रजीच्या नावाने आनंदीआनंद होता. काचांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवरून जायला लागल्या, तेव्हा मालकाने तिचं नाव संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. पन्नाशीची मावशी पुन्हा बाकावर बसली. शेजारी एक वेल्डर, पुढे दोघी शिवणकाम करणाऱ्या. शिकवणाऱ्या बाई तिच्या मुलीच्या वयाच्या, पण आवाज असा की हातातला खडूही दचकावा.

पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि खणखणीत वाचलं, "गुड प्युपिल्स कम ऑन टाइम." मग अर्थ सांगितला, "चांगले प्युपिल वेळेवर येतात." मावशीला एकदम हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही हो बाई. पण चांगले प्युपिल वेळेवर येतात म्हणजे? येतील कुठून? ते तर डोळ्यातच असतात!"

सगळा वर्ग खिदळला. बाईसुद्धा हसल्या. "अहो, प्युपिल म्हणजे विद्यार्थी. डोळ्यातला तो वेगळा. शब्द एक, अर्थ दोन. चालतं असं."

चालत असेल, पण मावशीच्या डोक्यातला किडा काही स्वस्थ बसेना. विद्यार्थ्याचा आणि डोळ्याचा संबंध काय? डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मावशी, मी डोळे तपासतो, शब्द नाही." घरी नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, कुठलीही गोष्ट अडकली की ती तशीच सोडायची नाही हा त्याचा स्वभाव. पण इथे तोही कंटाळला.

"अगं, कर म्हणजे हात आणि कर म्हणजे टॅक्स. त्यांचं आहे का काही नातं?"

"का नाही? टॅक्स घ्यायला हातच पुढे येतो की!"

पुढच्या वर्गात तिने पुन्हा विचारलं. "बघते," बाई म्हणाल्या. ते टाळायला म्हटल्यासारखंच वाटलं.

पण एका दुपारी बाई धापा टाकत थेट दुकानात शिरल्या. एक गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेम लावून मान वळवत होतं, मालक हिशेबात होता.

"मावशी, सापडलं! दोन वेगळे शब्द नाहीतच ते. एकाच घरातले आहेत!"

"बसा तरी आधी!"

"बसत नाही! ऐका. लॅटिन नावाची जुनी भाषा आहे. तिच्यात पुपा म्हणजे मुलगी. त्यावरूनच दुसऱ्याच्या आसऱ्याने वाढणाऱ्या पोरक्या मुलांना शब्द आला. तो फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, आणि हळूहळू गुरुजींच्या हाताखालचं मूल म्हणजे प्युपिल झालं."

"आणि डोळ्यातला?"

"तीच तर गंमत! कुणाच्या डोळ्यात अगदी जवळून बघितलं की त्या काळ्या ठिपक्यात आपण दिसतो ना, एवढेसे? म्हणून त्या लोकांनी ठिपक्याला त्याच शब्दावरून नाव दिलं. कारण पुपा म्हणजे नुसती मुलगी नाही. मुली जिच्याशी खेळतात ना, तीही..."

"बाहुली!" मावशी एवढ्या मोठ्याने ओरडली की गिऱ्हाइकाच्या नाकावरून फ्रेम घसरली. "अहो बाई, मग आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली!"

बाईंचा हात कपाळाकडे गेला. "अगं बाई गं! जन्मभर म्हणतेय, आणि हे वाचताना लक्षातसुद्धा आलं नाही!"

दोघी एकमेकींचे खांदे धरून नाकाला नाक लागेपर्यंत जवळ आल्या. "दिसले! केसांसकट दिसले!" "मीही दिसले!" गिऱ्हाईक म्हणालं, "मला बघू द्या की." मालक "काय चाललंय काय?" म्हणत आला आणि पाच मिनिटं आरशात स्वतःच्याच डोळ्यात डोकावत बसला.

इतकी वर्षं मावशी माणसांच्या डोळ्यांवर वाकत आली होती. अंतर मोजलं, पण आत कोण आहे ते कधी बघितलं नव्हतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. घरी गेल्या गेल्या तिने नवऱ्याला उजेडात ओढलं.

"अगं, डोळ्यात काही गेलंय का माझ्या?"

"हो, मी गेलेय. हलू नका!" बराच वेळ बघून ती म्हणाली, "अहो, मी एवढी जाड दिसते?"

"आत जागा कमी आहे," तो म्हणाला, आणि स्वतःही हौसेने तिच्या डोळ्यात वाकला.

त्या संध्याकाळी बाईंनी खडू मावशीच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा." मावशी बोलायला लागली आणि थांबेचना. थोड्याच वेळात वर्गभर लोक जोड्या जोड्यांनी एकमेकांच्या डोळ्यात शिरले होते. शिवणकाम करणाऱ्या दोघी हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. इतक्यात वेल्डरने हात वर केला.

"मावशी, चष्मा म्हणजे ग्लासेस, आणि पाणी पितो तोही ग्लास. हे कसं काय?"

मावशीने बाईंकडे बघितलं, बाईंनी मावशीकडे. आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "बघते!"