जानकीकाकीने सोडलेली जागा

गोव्यात इब्रामपूरच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेल्या आमच्या गावात जानकीकाकी एकटी राहते. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की तिचं दिवसभराचं बोलणं संपलं.

पूर्वी पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या अंगणात, बायकांचे धालो व्हायचे: समोरासमोर दोन ओळी आणि देवीची गाणी. वरच्या वाड्याची, म्हणजे आमच्या वस्तीची, ओळ काकीच्या गळ्यावर उभी असायची, समोर खालच्या वाड्याची, तिच्या पुढे पद्मावती. एका ओळीने चरण म्हणायचा, दुसरीने झेलायचा. मग पहिला नारळ कोणत्या वाड्याने ठेवायचा यावरून पुरुष भांडले आणि कोर्टात गेले. मांडाला कुलूप लागलं, आत रान वाढलं. पुरुष आता एकत्र बसून पितात. बायका मात्र अजून एकमेकींशी बोलत नाहीत. याला म्हणतात अक्कल!

गेल्या वर्षी मुंबईहून तुषार नावाचा संगीतकार आला. हिंदी सिनेमा, तोही गोव्यातला. म्हणजे पिस्तूल, पावडर आणि मुडदे. खुनाच्या प्रसंगाखाली त्याला ‘इथल्या मातीतला’ आवाज हवा होता. माती म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमची माती खाणवाल्यांच्या ट्रकांतून गेली तेव्हा हे कुठे होते?

“आमच्या देवीचं गाणं तुमच्या मुडद्यावर?” मी तडकलो.

काकीनेच मला दाबलं. “गप रे. मरण काय त्याच्याच सिनेमात आसा?” मग तुषारकडे वळली. “गातंय मी. पण समोरची ओळ होयी. पद्मावतीक बोलवा.”

तिला सिनेमाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला पद्मावती हवी होती. बोलावायला निमित्त सापडलं, एवढंच.

मी खालच्या वाड्यावर गेलो. पद्मावती नारळ सोलत होती.

“मांडार बोलवल्यान तर येतंय,” ती म्हणाली. “तिच्या वसरीर नाय.”

“मांडाला कुलूप आहे, काकी.”

“मगे त्या कुलपाक सांग गावक.”

निरोप ऐकून जानकीकाकी बराच वेळ वातीला पीळ देत राहिली. “बरा,” ती म्हणाली. “तिची जागा सोडून गातंय. आयकल्यान तर येयत.”

काकीच्या ओसरीवर माईक लागला. तिने एक चरण म्हटला आणि थांबली. पुढे चला, अशी तुषारने खूण केली, तर तिने हात वर करून त्यालाच थोपवलं. समोरच्या ओळीला लागला असता तेवढा वेळ ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मग पुढचा चरण. सगळं गाणं असंच. मोर्च्यात लाठी खाल्लेला माणूस मी, पण तिथे बसवेना. बाहेर जाऊन बिडी पेटवली.

“मोकळ्या जागा नंतर भरून घेऊ,” निघताना तुषार म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, तिथेच धुतला असता.

सिनेमा लागला तेव्हा काकीला म्हापशाला घेऊन गेलो. पडद्यावर नायकाचा भाऊ पडला आणि काकीचा आवाज थेटरभर झाला. तिने पदर तोंडाला लावला. चरण संपला, आणि दुसऱ्या ओळीने तो झेलला. पुष्कळ बायका गाताहेत असं वाटत होतं.

“ह्यो कोण गातत?” काकी पुढे सरकली. “इली ती?”

“तूच गे. मशिनीत तुझाच आवाज वाढवलाय.”

“मी? त्यांच्या ओळीत?”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. “पद्मावतीक सांगा नको हां,” एवढंच म्हणाली. सांगायला कशाला हवं? तो तुकडा पोरासोरांच्या फोनवर फिरत होता. मी तुषारला फोन करून शिव्या घातल्या.

“दादा, आता नाही निघणार ते,” तो म्हणाला. “आणि लोकांना तोच भाग आवडतोय.”

दुसऱ्या दिवशी काकी स्वतःच खालच्या वाड्यावर निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मागून. पद्मावती अंगणात होती, पण फाटकाकडे आली नाही.

“आता कित्याक इलस?” तिथूनच म्हणाली. “तूच म्हणतंस, तूच झेलतंस. आमची गरज सरली.”

“मी नाय गे. मशिनान केल्यान.”

“मशिनाक तोंड कोणाचा?”

पद्मावती सूप उचलून आत गेली.

फाटकाची कडी लावलेलीच होती. काकीने ती एकदा चाचपून पाहिली आणि चढाला लागली.