शिवबाईची ढिली बांगडी

नव्या पेठेत शिवबाईनं भरलेली बांगडी मनगटावर ढळायची नाही. अंगठा आत मोडून, तोंडानं अखंड बडबड करत ती अशी चापून चढवायची, की दुखलेलं कळायच्या आत हात भरलेला. बांगडी ढिली बसली तर भरणारीचंच नाक कापलं, असं ती मानायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला, लग्नं पुन्हा वाजतगाजत व्हायला लागली. होटगीची ईरम्मा थोरल्या लेकीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला घरच्या बायका घेऊन आली. बरोबर धाकटी बसव्वा. वीस वर्षांची, मोजकं बोलणारी, गलका झाला की कान झाकणारी. गाव तिला वेडी म्हणे.

शिवबाईनं नेहमीसारखा तिचा हात खेचला. बसव्वा अशी किंचाळली की अख्खी पेठ वळून बघायला लागली. हिसक्यानं बांगड्यांचं ताट उलटलं. पोरगी दुकानाच्या पायरीवर जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसली.

"म्हटलं हुतं की हिला घरी ठिवा!" बरोबर आलेली पोरीची आत्या कडाडली. "मोकळ्या हातानं बहिणीच्या हळदीला बसायची न्हाय ही. चार माणसांत शोभा नको."

ईरम्माचं तोंड एवढंएवढं झालं.

शिवबाई काचा वेचता वेचता थबकली. बसव्वानं गडगडत आलेली एक बांगडी उचलली होती, नखानं वाजवून कानाशी धरली होती. मग हळूच ती बोटांत सरकवली. पंजाच्या हाडाशी ती अडली, तशी काढून पुन्हा वाजवली.

"अगं बया!" शिवबाई उठलीच. "हिला बांगडी पायजे की! हात धरलेला नको हाय! ईरम्मा, उद्या दुपारी या. जेवणाच्या वक्ताला पेठ सुस्त असती. दोघीच या."

"हिच्यासाठी दुकान बंद ठिवणार व्हय?" आत्यानं टोमणा मारला.

"ठिवीन की! माझं दुकान हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या तिप्पण्णा पानवाल्याला रेडिओ बंद करायला लावला, दारावर पडदा सोडला. साबणाचं पाणी ठेवलं. मापापेक्षा मोठ्या हिरव्या बांगड्या ताटात मांडल्या आणि लांब सरकून बसली. साबण लावून स्वतःच्याच हातात एक चढवून दाखवली. तोंडातून ब्र नाही. गप बसणं तिला बाळंतपणाहून अवघड गेलं.

बसव्वानं ताटातली प्रत्येक बांगडी वाजवली. बद्द वाजलेल्या बाजूला सारल्या. मग हात साबणात बुडवला. बांगडी हाडाशी आली, अडली. ईरम्मा मदतीला पुढं झाली. शिवबाईनं तिचा पदर धरून मागं ओढलं.

बांगडी सरकली!

मग दुसरी. मग तिसरी. शिवबाईनं ओरडायला नको म्हणून स्वतःचा पदर तोंडात कोंबला. दोन्ही हात हिरवे झाले तेव्हा दोघी बाया एकमेकींना गच्च धरून, आवाज न करता गदागदा हलत होत्या.

"लई ढिल्या हायत," ईरम्मा डोळे पुशीत कुजबुजली. "बाया नावं ठिवतील तुमच्या हाताला."

"ठिवू द्या की! कुणी भरल्या इच्यारलं तर छातीवर हात मारून माझं नाव सांगा."

तेवढ्यात बसव्वा उठली, पडदा सारला आणि कोपरापर्यंत घसरणाऱ्या बांगड्या कानाशी खळखळवत तरातरा भर उन्हात निघाली.

"अगं, कुटं?" ईरम्मा चपला हातात घेऊन मागं पळाली.

"हळदीला," बसव्वा म्हणाली.

हळद अजून चार दिवसांवर होती.