वरचा एक वेढा

हॅम रेडिओच्या किटसोबत आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की या कामाला नवशिक्यालाही दोन निवांत संध्याकाळी पुरतात. मला अडीच महिने लागले. मी नवशिक्या नव्हतो ना, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर होतो. थोडा जास्त वेळ लागणारच.

आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. फ्रेम करून देवघराशेजारी लावलेली आहे, आणि आमची फुलशेती असल्यामुळे दसऱ्याला ट्रॅक्टर, पाण्याचा पंप आणि पदवी या तिघांना सारख्याच लांबीचा झेंडूचा हार मिळतो. ती मिळवताना तीन वर्षांत मी सोल्डरिंग आयर्न एकूण दोनदा हातात धरलं. एका आयर्नमागे आम्ही अकरा जण होतो, आणि ते तापेपर्यंत तास संपायचा. ही तक्रार नाही. त्याच कॉलेजामुळे मी आज अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी मोजलेलं पुन्हा मोजायचं आणि सही करायची, हे माझं काम. मी ते फार चोख करतो असं सगळे म्हणतात.

हॅम रेडिओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि मग आपल्या घरातून, आपल्या यंत्रावरून, दूरच्या अनोळखी माणसाशी बोलायचं. मोबाइलवर हेच काम फुकटात आणि जास्त स्पष्ट होतं, ही गोष्ट आमच्या सायखेड्याच्या आसपासच्या प्रत्येक माणसाने मला स्वतंत्रपणे समजावून सांगितलेली आहे. परवान्याच्या चौकशीला आलेल्या हवालदारसाहेबांनी चहा घेतला, भिंतीवरची पदवी वाचली आणि विचारलं, “एवढं शिकून वॉकीटॉकी?”

मी हे किट गुपचूप जोडलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण शाळेत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार निघाला. फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली ‘शास्त्रज्ञ’ असं छापलेलं होतं. छापलेल्या शब्दाचा मान राखायला हवा म्हणून मी भाषणात सांगून टाकलं की सध्या मी स्वतःच्या हातांनी एक ट्रान्सिव्हर बनवतो आहे, म्हणजे ऐकणारा आणि बोलणाराही रेडिओ. टाळ्या पडल्या. त्या वेळी घरी खोक्यातल्या दोनशेच्या वर सुट्या भागांपैकी माझे नऊ भाग लागले होते, आणि त्यातले दोन उलटे.

पहिल्या रांगेत आमचे विज्ञानाचे सर बसले होते. आता ते मुख्याध्यापक होते आणि पुढच्याच महिन्यात निवृत्त होणार होते. या माणसाने मला एसटीत घालून नाशिकला नेलं आणि कॉलेजच्या अर्जात कुठे काय लिहायचं हे ना मला कळत होतं ना वडिलांना, म्हणून तो अर्ज स्वतः भरला. पदवीवर नाव माझं असलं तरी अर्जावरचं अक्षर सरांचं आहे.

सर शिकवायचे फार छान. फक्त त्यांचा एकही प्रयोग कधी झाला नाही. विजेची घंटा मांडायचे, बटण दाबायचे, घंटा गप्प. शाळेच्या कपाटातली बॅटरी बहुधा शाळेइतकीच जुनी होती. मग सर शांतपणे म्हणायचे, “आता समजा, घंटा वाजली.” आम्ही वहीत लिहायचो, घंटा वाजते. लिटमसचा कागद कशातही बुडवला तरी एकाच मातकट रंगाचा राहायचा. समजा, लाल झाला. आम्ही लिहायचो, लाल होतो. विज्ञानात भरघोस मार्क मिळवलेली आमची अख्खी तुकडी अशी समजून घेणारी होती.

सत्कारानंतर सरांनी मला बाजूला घेतलं. नेहमी वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारे सर त्या दिवशी हळू बोलले. “तुझ्याकडे नववीची मुलं घेऊन येतो. निवृत्तीच्या आधीचा शनिवार धर. माझ्या वर्गाने एक प्रयोग तरी खरा होताना बघावा, रे. मी पण बघावा.”

मी म्हणालो, नक्की सर. नऊ भाग जोडलेला माणूस आणखी काय म्हणणार.

त्यानंतर मी रोज कामावरून आल्यावर बसू लागलो. बाकीचे भाग कसेबसे लागले, पण कॉइलशी गाठ पडली तिथे अडलो. कॉइल म्हणजे लोखंडाच्या भुकटीचं एक इवलंसं कडं, करंगळीच्या टोकावरही नीट न बसणारं, आणि त्याच्या भोकातून केसासारखी तांब्याची तार पुन्हा पुन्हा ओवून घालायचे वेढे. अशा सहा कॉइल. प्रत्येकीचे वेढे पुस्तिकेत ठरवून दिलेले, कुठे सोळा, कुठे अठरा. माझ्या हातात तार पिळायची, गाठ पडायची, तुटायची. तिसरी तार तुटली तेव्हा आई शेवंती निवडत शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “आण इकडं. तुझी बोटं पेन धरायला गेली.”

आईने आयुष्यभर हार ओवले आहेत. पंचवटीतल्या फुलबाजारात तिच्या हाराला दोन्ही टोकं सारखी असतात म्हणून ओळखतात. तिने ते कडं चिमटीत धरलं, किती वेढे ते विचारलं, आणि तोंडाने पुटपुटत एका बैठकीत सहाही कॉइल करून दिल्या. तारा अशा एकसारख्या बसल्या होत्या की पुस्तिकेतला फोटो तिच्यापुढे ओबडधोबड वाटला. मी तेव्हा फोनवर होतो. नाशिकरोडच्या काकांना सांगत होतो की कॉइलचं अवघड काम मी आजच हातावेगळं केलं.

हे काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, चाळीस वर्षांपासूनचे हॅम. परीक्षेची तयारी त्यांनीच करून घेतली. रोज सकाळी ते रेडिओवर असतात आणि नव्या माणसाचा आवाज ऐकला की त्याच्या यंत्राचे दोष आधी सांगतात, नाव नंतर विचारतात.

शनिवारला आठवडा उरला असताना मी पहिल्यांदा वीज दिली. धूर आला नाही. घरातल्यांना यात कौतुकाचं काय ते कळेना, त्यामुळे मी एकट्यानेच आनंद केला. अँटेनाची तार वडिलांनी शेवग्याच्या झाडाला बांधू दिली, शेंगा आधी उतरवून घेऊन. रेडिओतून खरखर आली आणि खरखरीतून माणसं बोलायला लागली, जरा दबक्या आवाजात, पण बोलायला लागली. मग मी उत्साहाने बोलायचं बटण दाबलं. ताकद मोजायच्या मीटरवर पाच वॅट यायला हवे होते. आले पावणेदोन. पंधरा किलोमीटरवरच्या काकांनी कळवलं की कुणीतरी रजई पांघरून कुजबुजत असावं असा भास होतो.

पुढचे चार दिवस मी शास्त्रीय पद्धतीने दोष शोधला. म्हणजे सगळ्यांवर संशय घेतला. ट्रान्झिस्टर नकली असावेत. किटवाल्यांनी फसवलं असावं. विजेचा दाब कमी असावा. अंबडला मी दुसऱ्यांच्या तीन-तीन पेट्या माल एका चुकीसाठी परत पाठवतो, पण घरच्या यंत्रात चूक माझ्याकडची असेल असं मला एकदाही वाटलं नाही. रेडिओतली माणसं आपापल्या गावची हवा एकमेकांना सांगत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे सर दिसत होते, चाळीस मुलांसमोर उभे, माझ्याच घरात, शांतपणे म्हणत आहेत, समजा.

बुधवारी काकांनी फोनवर एकेक विचारायला सुरुवात केली. अमुक तपासलं? मी तपासलं. तमुक बदललं? मी बदललं. कॉइल कुणी गुंडाळल्या?

“आईने,” मी म्हणालो.

काका म्हणाले, “अच्छा. यंत्र चालणार होतं तोवर तुम्ही गुंडाळल्या होत्या. बिघडलं आणि आईने गुंडाळल्या का?”

मी विचारलं, आता काय तपासू?

काका म्हणाले, भोकाच्या आतून वेढे मोजा. मी भिंग घेतलं. सोळाच्या जागी सतरा. पुन्हा मोजले, सतरा. अठराच्या जागी एकोणीस. सहाही कॉइलवर नेमका एक वेढा जास्त. चुकून झालं असतं तर कुठे कमी, कुठे जास्त झालं असतं. हे ठरवून केलेलं होतं. काकांनी सांगितलं की या कॉइल म्हणजे दाराची चौकट आहे, आपला आवाज तेवढा बाहेर सोडणारी. प्रत्येकीवर एक वेढा वाढला की चौकट सरकते, आणि आवाज भिंतीवर आपटतो.

मी आईसमोर कॉइल धरली आणि सोळाचे सतरा कसे झाले ते विचारलं.

“पहिला लाभाचा ना,” ती म्हणाली. “मंग एक, दोन, तीन. पहिला कोण मोजतं?”

तेव्हा मला लख्ख आठवलं. आमच्या घरात फुलं मोजायला घेतली की पहिलं फूल ‘लाभ’ म्हणून बाजूला पडतं आणि मोजणी त्याच्या पुढून सुरू होते. शंभर मागणाऱ्याला एकशे एक जातात. मी लहानपणी अशीच मोजायला शिकलो, आणि शाळेत पहिलीत बाईंनी मणी मोजायला दिले तेव्हा याच कारणाने मार खाल्ला. आता मार कुणी खावा, एवढाच प्रश्न होता.

“अगं, पण एक जास्त झाला की यंत्र चालत नाही.”

“कमी पडल्यावर बिघडतं ते मला माहीत हाय,” आई म्हणाली. “जास्त दिल्यावर रुसतं, असलं कसलं रे तुझं यंत्र?”

मी सहाही कॉइल बोर्डवरून सोडवल्या. सोडवताना एका ठिकाणी बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडली, तिथे तारेचा तुकडा जोडला. आईने प्रत्येकीचा एक वेढा उतरवला, प्रत्येक वेळी माझ्याकडे कंजूष गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघत. शुक्रवारी मीटरवर साडेचार वॅट आले.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांनी प्रेमाने सांगितलं, “उद्या कुणी उत्तर देईल न देईल, हवेचा भरवसा नाही. कुणी नाहीच भेटलं तर मी बोलतो. कोल्हापूर आहे म्हणून सांगतो. मुलांना काय कळतंय.” मी ठाम नकार द्यायला हवा होता. मी म्हणालो, बघू.

शनिवारी सकाळी दोन पिकअपमधून बेचाळीस मुलं आणि सर उतरले. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आईने लग्नाच्या पातेल्यात पोहे केले होते. जी मुलं खोलीत मावली नाहीत ती खिडकीच्या गजांना लटकली. मी माईक उचलला आणि कुणी ऐकत असल्यास उत्तर द्यावं अशी हाक घातली. खरखर. दुसऱ्यांदा हाक घातली. खरखर. तिसऱ्यांदा घातली तेव्हा मागच्या मुलांनी पोह्यांची चौकशी सुरू केली. चौथ्या हाकेनंतरही खरखरच. मी सरांकडे बघितलं नाही. तरी कळलं की त्यांनी घसा साफ केला आणि ते मुलांकडे वळले.

तेवढ्यात रेडिओ बोलला. कुणीतरी माझं बोलावणं ऐकलं होतं आणि कोल्हापुरातून बोलत होतं. आवाज बारीक आहे, पण अक्षर न् अक्षर कळतंय, असं म्हणत होतं.

खोलीत बेचाळीस मुलं एकदम गप्प झाली. कोल्हापूर? हा काकांचा आवाज वाटत नव्हता, पण चाळीस वर्षं माईक धरणाऱ्या माणसाला दुसरा आवाज काढणं काय अवघड. मी उत्तरादाखल काहीतरी बोललो. सरांचे ओठ थोडे उघडे राहिले होते. तेव्हाच टेबलावरच्या मोबाइलवर काकांचा मेसेज उजळला, ‘मी नव्हतो.’

कोल्हापूरकर आता विचारत होते की सेट कोणता म्हणायचा, घरी बनवलाय का. हा नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याचं नेहमीचं उत्तर मी आरशासमोर पाठ केलं होतं. दारात आई पोह्याचा झारा घेऊन उभी होती.

“किट आहे,” मी म्हणालो. “सोल्डरिंग मी केलंय. अवघड काम, म्हणजे सगळ्या कॉइल, माझ्या आईने गुंडाळल्यात. आणि कॉलेजचा अर्ज सरांनी भरला होता.”

“मग तुम्ही नक्की काय केलंत?” कोल्हापूरकरांनी विचारलं, आणि खिडकीतल्या मुलांसकट सगळी हसली. ते गृहस्थ निरोप घेऊन गेले.

आता सर काहीतरी भावपूर्ण बोलतील म्हणून मी तयार होऊन बसलो. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, “पुन्हा करून दाखव. एकदा झालं म्हणजे योगायोगही असू शकतो.”

सरांच्या तीस वर्षांच्या नोकरीत पहिला प्रयोग झाला आणि माणसाला तो दुसऱ्यांदा हवा होता. मी हाका घातल्या. पाच, सहा. कुणी आलं नाही. मी घड्याळाकडे, मग सरांकडे बघितलं, आणि ते आता तो शब्द उच्चारणार याची वाट पाहिली.

सर मुलांना म्हणाले, “वह्या काढा. निरीक्षण लिहा. पहिल्या वेळी उत्तर आलं. दुसऱ्या वेळी आलं नाही.” कुणीतरी विचारलं, सर, अनुमान काय लिहू? सर म्हणाले, “ती जागा मोकळी सोडा.”

मुलं खाली मान घालून लिहीत होती. दारातून आई म्हणाली, “सर, ते पहिलं लाभाचं झालं. ते धरू नका. मोजायचं आता पुढून.”

सरांनी या मुद्द्यावर विचार केला. कुठल्याही विद्यार्थ्याच्या उत्तरावर करायचे, तितक्याच गंभीरपणे. मग त्यांनी स्वतःची खुर्ची रेडिओजवळ ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे ताईंचं. चल, एक.”

मी माईक उचलला.