बुलढाण्यातलं माझं चूलबंद

हा किस्सा मी बुलढाण्यात कुणाला सांगत नाही, कारण तिथे तो सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते. आधी चहा घ्या. आणि मधे मधे 'अहो, एवढंही कळलं नाही?' असं विचारायचं नाही. नाही कळलं! वय चौपन्न, शिक्षण एम.ए. मराठी, आणि नाही कळलं!

तर झालं काय, मला बढती मिळाली आणि बदली झाली थेट बुलढाण्याला. मी चिपळूणची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी बंगळुरूला. बुलढाणा डोंगरावरचं, लहानसं, थंड हवेचं शहर. जो तो म्हणायचा, काय मस्त हवा मिळाली तुम्हाला! हवा मस्तच आहे हो. पण हवेशी माणूस बोलणार किती?

सोनुन्यांच्या घरात वरची खोली मिळाली. खाली त्यांचं भलंमोठं कुटुंब. गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा, घरात कायम मेथीच्या जुड्या आणि माणसांची ये-जा. सोनुनेकाकूंचा आवाज असा की प्रेमाने हाक मारली तरी आपण काहीतरी सांडलंय असं वाटावं. पहिल्या दोन महिन्यांत आमचं एकूण संभाषण एवढंच. "म्याडम, नळ आले." "हो काकू, भरलं पाणी." संपलं. संध्याकाळी मी मोठ्याने पेपर वाचायचे. स्वतःचा आवाज बिघडला तर नाही ना, ते तपासायला.

एका बुधवारी मला घरची फार आठवण आली. पिशवीच्या तळाशी चिपळूणहून आणलेला सुका जवळा होता. आता खाली अख्खं माळकरी घर! पण जीव राहीना. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला टॉवेल कोंबला, चार उदबत्त्या पेटवल्या आणि चोरासारखा जवळा भाजला. दोन घास खाल्ले आणि रडले. चव चांगली होती, तरी रडले.

आणि शुक्रवारी संध्याकाळी सोनुनेकाकू जिना चढून वर आल्या! दोन महिन्यांत पहिल्यांदा. दारात उभ्या राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, नाक जरा वर केलं, आणि म्हणाल्या, "म्याडम, रविवारी तुमच्याकडं चूलबंद बरं का!"

म्हटलं, झालं! आला वास! "चूल... बंद?"

"हाव. पेटवायचीच नाही."

"म्हणजे सकाळी, की..."

"दिवसभर! दोन्ही टाईम."

मी हळूच विचारलं, "निदान चहा?"

"चहा बी नाही!" काकू कडाडल्या. "सकाळच्या चहापासून बंद. मले वरून गॅसचा आवाज आला न, त मले राग येईन. सांगून ठेवते."

"पण काकू, मी एकटीच आहे हो."

"एकटं असो का पंधरा जण असो. चूलबंद म्हंजे चूलबंद. ध्यानात ठेवजा." आणि गेल्या खाली.

आता तुम्हीच सांगा, माणसाने यातून काय समजायचं? मी समजले की शिक्षा झाली! भांडून बोलल्या असत्या तर मी माफी मागितली असती. पण असं कोर्टासारखं? माझाही कोकणी ताठा जागा झाला. म्हटलं, ठीक आहे. एक काडी पेटवणार नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला उठले. बाहेर धुकं, हाडं गोठवणारी थंडी, आणि चहा नाही. मागच्या जिन्याने उतरले, तर अंगणात काय दृश्य! मांडव घातलेला, गोवऱ्यांची रास रचलेली, परातीएवढ्या पातेल्यात वांगी चिरून पडलेली. नातेवाईक, शेजारीपाजारी, अख्खी गल्ली लोटलेली. इथे एवढा मोठा बेत, जेवणावळ, आणि वरच्या बाईला साधं बोलावणं नाही! वर तिची चूलही बंद! डोळे भरून आले हो माझे. मी पदर डोक्यावरून घेतला आणि मागच्या फाटकातून सटकले.

मग सुरू झाली माझी बुलढाणा खाद्ययात्रा. पहिला मुक्काम स्टँडजवळची गाडी. तर्री घातलेले पोहे घेतले. तिथे सगळे बॅगा घेऊन उभे, मी एकटी पर्स घेऊन. गाडीवाल्याने काळजीने विचारलं, "म्याडम, मलकापूरची जाणार का? निघून राह्यली पाहा ते!"

"मला कुठे जायचं नाहीये."

"मंग स्टँडवर काऊन खाऊन राह्यल्या?"

दोन चहा प्यायले. मग एक आलूबोंडा, रागाने. मग एक कचोरी, तीही रागानेच. मग घाटाच्या तोंडाशी जाऊन बसले. खाली दरी, वर ऊन, आणि आजूबाजूला प्रत्येक कठड्यावर कुणी ना कुणी कुणाबरोबर तरी बसलेलं. एका नवऱ्याने मला फोटो काढायला सांगितला. मी त्यांचे सात फोटो काढले. तेवढीच सोबत.

दुपारी एका बऱ्याशा हॉटेलात शिरले. मालक गल्ल्यावर बसलेले. "किती जण?"

"एक."

"संग फॅमिली हाय?"

"मीच आहे."

त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "लेडीज हायत न, मंग फॅमिली रूममधी बसा."

तर मी फॅमिली रूममध्ये. आठ खुर्च्यांचं टेबल, मधे प्लास्टिकचा गुलाब, दाराला पडदा, आणि फॅमिली म्हणजे मी. मालक दर पाच मिनिटांनी पडदा बाजूला करून विचारायचे, "आले का बाकीचे?" चौथ्या वेळी मला इतकं ओशाळं वाटलं की मी चक्क म्हणाले, "येतायत. तोवर दोन ताटं लावा." दोन शेवभाजी, सहा पोळ्या! आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे पण ताट. मी त्या ताटाकडे बघत जेवले. अशी दुपार वैऱ्यावर येऊ नये.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. सोनुनेकाकू! म्हटलं, तपासतायत, गॅस पेटवला का ते. कापला. परत वाजला. कापला. सहा वेळा! मग मीच आमच्या ऑफिसातल्या इंगळ्यांना फोन लावला. कुणापाशी तरी मन मोकळं करायला नको?

"इंगळे, काय सांगू तुम्हाला, घरवाल्यांनी माझी चूल बंद केली हो आज!"

"अरे वा!" इंगळे आनंदाने ओरडले. "मजा हाय म्याडम तुमची!"

"मजा? चहासुद्धा करायचा नाही म्हणाल्या!"

"चहा बी? लयच मान दिला मंग! मी वीस वर्षं झाले इथं राहून राह्यलो, मले नाही कोणी चूलबंद करत."

मी फोन आपटला. गावातला एक बरा माणूस, तोही खिजवतो! त्याच फॅमिली रूममध्ये मी ठरवलं, बढती गेली खड्ड्यात, चिपळूणला परत बदली मागायची. आणि आज घरी जाऊन काकूंना तोंडावर सांगायचं, 'महिनाअखेर खोली सोडते.' उरलेली शेवभाजी बांधून घेतली आणि ते वाक्य घोकत घोकत चालत निघाले.

चार वाजता फाटक उघडलं. पंगती उठलेल्या, बाया भांडी घासतायत. आणि माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर सोनुनेकाकू बसलेल्या, मांडीवर झाकलेलं ताट. मला बघून उठल्या.

"कुठं गेल्या होत्या अवो? पाच मानसं पाठवले गावात! मले वाटलं तब्येत बिघडली."

मी घोकलेलं सगळं विसरले आणि भडकले. "काकू, एवढासा जवळा भाजला मी! चूक झाली. पण त्यासाठी अख्ख्या गल्लीला जेवायला घालायचं आणि माझी चूल बंद करायची?"

"मंग? चूल बंद केल्याबिगर जेवाले कशा येसान तुम्ही?"

"जेवायला?"

"अवो, नातवाच्या जावळाचं जेवन होतं, रोडग्यायचं! चूलबंद म्हंजे घरातल्या सगळ्यायनं, चहापासून सारं आमच्याइथं. पावण्याले नुसतं 'जेवाले या' म्हणते लोक. चूलबंद आपल्या मानसाले करते."

भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या.

"आन् जवळा कोणता?" काकूंचे डोळे बारीक झाले. "बुधवारी?... म्हंजे तो वास तुमचा होता? आमी तीन दिवस उंदीर धुंडून राह्यलो! सारा माळा खाली केला, मेलेला उंदीर काई सापडे ना!"

बाया अशा हसल्या की एकीच्या हातून परात निसटली. मी मात्र हसू की रडू ते कळेना, म्हणून रडले. खरं सांगते, गेल्या सहा वर्षांत 'आपलं माणूस' हा शब्द मला कुणी लावला नव्हता, आणि ज्यांनी लावला त्यांचे फोन मी दुपारभर कापत बसले होते!

"मी जेवले काकू," मी कसंबसं म्हणाले.

"तुम्ही जेवल्या. म्या नाही जेवली अजून. आवतन केलेलं मानूस उपाशी, आन् मी कशी जेवू?" त्यांनी ताटावरचं झाकण काढलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोल रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची भाजी. पोटात पोहे, आलूबोंडा, कचोरी आणि दीड माणसाची शेवभाजी. तरी त्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसून मी तीन रोडगे खाल्ले. रात्र बसून काढली, पडता येईना.

अर्थात मीही काही कमी नाही. पुढच्याच शनिवारी खाली उतरले आणि अंगणात उभी राहून ऐटीत म्हणाले, "काकू, उद्या तुमच्याकडे चूलबंद! चहा बी नाही!" नवा शिकलेला शब्द वापरायची कोण हौस!

रविवारी सकाळी सातला जिना वाजायला लागला. काकू, काका, दोन मुलगे, सुना, नातवंडं, मळ्यातले चुलते, चिखलीहून आलेली नणंद. मोजून सतरा जण! घरातले सगळे म्हणजे सगळेच. माझ्याकडे कप तीन, ताटल्या दोन. दुसऱ्या खेपेचा चहा उकळत असताना गॅस फुर्र झाला आणि विझला. सिलिंडर संपला!

मग काय? कणकेची परात, नारळ, चिरलेली भाजी, सगळी वरात जिन्यावरून खाली, सोनुन्यांच्या स्वयंपाकघरात. काकूंनी चुलीत लाकडं सारली आणि म्हणाल्या, "म्याडम, चूलबंद आमाले केलं का तुमाले?"

मी फुंकणी घेतली आणि त्यांची चूल फुंकायला बसले.