मिलिंदला मी वाचवलं नाही

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या ऑफिसात कोणावर तरी ओरडत होतो. मला ओरडायची सवय आहे. भित्री माणसं बरीच ओरडतात. त्याची बायको, सुजातावहिनी, अ‍ॅशबर्नहून अगदी शांतपणे बोलत होत्या. ऑफिसला निघताना दारातच कोसळला, हार्ट अटॅक, चाळिशीही उलटली नव्हती... तिसऱ्या दिवशी नागपूरहून त्याच्या आईंचा फोन आला. पोटचा मुलगा गेलेली ती बाई माझंच सांत्वन करत होती. "श्रीकांत बापू, तू रडू नको. तेव्हा तू होता म्हणून तो एवढे दिवस तरी जगला. माह्या लेकराले तू वाचवलं." मिलिंद जिवंत होता तेव्हापासून, गेली चार वर्षं त्या मला हे 'वाचवलं' ऐकवताहेत आणि चार वर्षं मी मुकाट ऐकून घेतोय. आता बास झालं. त्याला जाऊन दीड महिना झाला. हा लेख मी त्याच्या आईंसाठी लिहितो आहे, बाकीच्यांनी वाचला तरी हरकत नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं शार्लटला एकाच प्रोजेक्टवर होतो, एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो. मिलिंद मला "काय बे पुणेकर" म्हणून हाक मारायचा आणि माझ्या आमटीतल्या गुळावरून यथेच्छ टर उडवायचा. इराकचं युद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. वहिनी बाळंतपणासाठी नागपूरला होत्या. मुलगी झाल्याची बातमी आली आणि स्वारीनं जाहीर करून टाकलं, "शनिवारी चार्ल्सटन! दिवसभर म्युझियम, मग साहेबासारखं जेवण. जॅकेट घालून चल, नाहीतर आत घ्यायचे नाहीत."

सकाळी तिथल्या जुन्या धनिकांचे वाडे पाहिले. झुंबरं, चांदीचे चमचे, भिंतीवर गोऱ्यापान बायकांची चित्रं. दुपारी गुलामगिरीवरचं म्युझियम. तिथं काचेमागे साखळ्या होत्या, चाबूक होते, पाठ सोलून निघालेल्या एका माणसाचा फोटो होता. आणि एक बेडी... पाच-सहा वर्षांच्या पोराच्या मनगटाची. मी आपला बोलून गेलो, "काय क्रूर लोक यार! आपल्याकडे निदान असलं काही नव्हतं."

मिलिंद चिडला नाही, हेच वाईट. म्हणाला, "माझ्या बाबांची पाठ तू पाहिली नाहीस." त्याच्या काकाची वरात गावातल्या मोठ्या रस्त्यानं नेली, म्हणून चौदा वर्षांच्या त्याच्या वडिलांना चौकात खांबाला बांधून कासऱ्यानं झोडपलं होतं. कातडी कासऱ्याला चिकटून आली. आठ दिवस लघवीतून रक्त जात होतं. "मारणारे चार होते," तो बेडीकडे बघत म्हणाला, "बघायला अख्खं गाव होतं. बाबांनी मारणाऱ्यांचं नाव कधी काढलं नाही बे. बघणाऱ्यांची मात्र घराघरानं नावं घ्यायचे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणालो. आपण काही त्या बघणाऱ्यांतले नाही, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं होतं.

परतीचा लांबचा रस्ता म्हणून पाचलाच जेवायला बसलो. शुभ्र टेबलक्लॉथ, तीन-तीन काटे, मक्याच्या कण्यांवर रचलेली कोळंबी. "अरे, ही तर आमच्या घरची कण्यांची पेज!" मिलिंद खो खो हसला. मुलीचं नाव काय ठेवायचं यावर आम्ही गोड खाईपर्यंत भांडलो.

बाहेर लख्ख ऊन होतं. पार्किंगमध्ये एका पिकअप ट्रकला टेकून दोघं बीअर पीत होते. एकानं कॅन फेकला आणि "टेररिस्ट" म्हणून ओरडला. मिलिंद थांबला आणि सभ्यपणे म्हणाला, "सर, आय अ‍ॅम फ्रॉम इंडिया." पहिला ठोसा तोंडावर बसला. त्याचे दात डांबरावर पडलेले मी पाहिले. दुसऱ्यानं ट्रकमधून चाकाचा पाना काढला. गाडीची किल्ली माझ्याकडे होती. मी पळालो, गाडीत बसलो आणि सगळी दारं लॉक केली. मिलिंद धडपडत गाडीपर्यंत आला, हँडल ओढलं, रक्तानं भरलेला तळवा काचेवर आपटला. "श्रीकांत, दार उघड!" माझं बोट बटणावर होतं. ते मी दाबलं नाही. त्यांनी त्याला कॉलरला धरून मागे ओढलं, पाडलं, पाना डोळ्यावर घातला, मग बूट... तोंडावर, बरगड्यांवर, पुन्हा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज बंद काचेतूनही येतो. शेवटी हॉटेलचा स्वयंपाकी सुरी घेऊन ओरडत धावला तेव्हा ते ट्रक घेऊन पळाले.

पोलिसांनी विचारलं, काय पाहिलंत? ट्रकचा नंबर मला पाठ होता. आजही आहे. पण माझी ग्रीन कार्डची फाइल नुकतीच गेली होती, आणि आम्हा व्हिसावाल्यांत पक्की समजूत होती की पोलिसांच्या कागदावर नाव आलं, अगदी साक्षीदार म्हणून का होईना, की फाइल अडकलीच. "आय सॉ नथिंग," मी म्हणालो. ते दोघं कधी सापडले नाहीत. पुढे एका वकिलानं सांगितलं की साक्ष दिल्यानं फाइल अडकत नाही. म्हणजे मित्र विकला, तोही फुकटात.

त्याचा डावा डोळा गेला. जबडा तारांनी बांधला होता. तारा निघाल्यावर त्यानं पहिला फोन आईला केला, माझ्यासमोर. "श्रीकांतनं ओढून गाडीत घेतलं म्हणून वाचलो, आई." फोन ठेवल्यावर मी विचारलं, खोटं का सांगितलंस? "तुझ्यासाठी नाही बे," तो म्हणाला. "एवढ्या लांब आपल्या लेकराचं कोणीच नाही, असं तिला वाटायला नको." नंतर तो विषय त्यानं कधी काढला नाही. वाढदिवसाला फोन करायचा, मुलीचे फोटो पाठवायचा. दोन सणसणीत शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

गेल्या वर्षी नागपूरला आईंकडे गेलो होतो. पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली एक फोटो लावलाय. चार्ल्सटनच्या रस्त्यावर, त्याच दिवशी सकाळी कोणा वाटसरूनं काढून दिलेला. नवी जॅकेटं घातलेले आम्ही दोघं, मिलिंदचे दोन्ही डोळे हसताहेत. आई तो रोज सकाळी पदरानं पुसतात. "तुलेही पुसते," त्या मला म्हणाल्या, "तू काय परका आहेस?"

आई, हा अंक कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. मी दार आतून लावून घेतलं होतं. फोटोत डावीकडे मिलिंद आहे, उजवीकडे मी. उद्या पुसायला हातात घ्याल, तेव्हा तो मधोमध कापा.